डोया आणि डोला: ठाण्याच्या इस्पितळातले दिवस

अकोल्याला परतून शाळेत रुजू झाले, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत पहिला प्रश्न मुंबईचाच आला. राणीची बाग पाहिलीस का? समुद्र कसा दिसतो? ट्रामगाडीत बसलीस की नाही? मी सगळ्याला नाही म्हणत गेले. संक्रांतीनंतर गेले ती होळीच्या तोंडावर परतले, एवढे दिवस मुंबईच्या दाराशी काढले आणि मुंबई न पाहताच आले, म्हणून माझी बरीच थट्टा झाली. मी कल्याण पाहिलं, डोंबिवली पाहिली, ठाणं पाहिलं. त्यातही सर्वांत जास्त पाहिला तो डोळ्यांच्या इस्पितळातला बायकांचा वॉर्ड. तिथे कुणी हौसेने जात नाही, म्हणून इथे लिहिते.

जायचं कारण आईचा डोळा. तिचा डावा डोळा मी लहान असतानाच गेला होता. गावात एक फिरता माणूस आला होता, डोळ्यात सुई घालून मोतीबिंदू खाली पाडायचा. त्याने सुई घातली, दुसऱ्या दिवशी डोळा सुजला, आणि तो माणूस पुढच्या गावाला निघून गेला. पुढे वर्षानुवर्षं आई उजव्या डोळ्यावर जगली. आता त्यातही मोतीबिंदू पिकला होता. माणूस समोर आला की तिला सावली कळे, आवाज आल्यावर नाव कळे. डोंबिवलीला राहणारा माझा मोठा भाऊ, आमचा दादा, पत्रामागून पत्र पाठवत होता की ठाण्याला चांगले डॉक्टर आहेत, घेऊन ये.

"हा डोया जसा हाय तसा राहू दे," आई म्हणायची. "धूर तं धूर. धूर तरी दिसते."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. बिघडलं तर मागे दुसरा डोळा शिल्लक नव्हता. शेवटी ती कशाने तयार झाली ते मला आजही नक्की माहीत नाही. एक दिवस चुलीवरचं दूध उतू जाऊन पार आटलं तरी तिला कळलं नाही. त्या संध्याकाळी ती म्हणाली, "कधी जायचं व?"

कल्याण

कसाऱ्याचा घाट उतरल्यावर हवा एकदम बदलते. आमच्याकडची कोरडी थंडी जाऊन अंगाला ओलसर काहीतरी चिकटतं. खडवलीच्या जवळ गाडी हळू झाली तेव्हा नदीचं पाणी उन्हात चमकत होतं आणि काठावर बायका धुणं धूत होत्या. मी आईला ते सांगितलं. तिने खिडकीकडे तोंड केलं आणि म्हणाली, "वास येऊन राह्यला पाण्याचा."

कल्याणला दादा घ्यायला आला होता. स्टेशनाबाहेर सिंधी माणसं पापड विकत बसली होती. विठ्ठलवाडीच्या पलीकडे लष्कराच्या जुन्या बराकींत निर्वासितांची मोठी वस्ती झाली आहे, असं दादा म्हणाला. त्यांतल्या एका म्हातारीने आईला हात धरून पायरी उतरवली, काहीतरी सिंधीत बोलली आणि पापडाचा एक तुकडा तिच्या हातात दिला. आईने विचारलं, "काय म्हणे ते?" दादालाही कळलं नव्हतं. "जपून जा म्हणाली असेल," तो म्हणाला. आईने तो तुकडा डोंबिवलीपर्यंत हातात जपून नेला.

डोंबिवली

डोंबिवली मला शहर वाटलं नाही. स्टेशनाजवळ चाळी, त्यांच्या मागे भातखाचरं, मध्ये विहिरी, आणि सकाळी चष्मे लावून, डबे घेऊन स्टेशनाकडे निघालेले पुरुष. चाळीतली मंडळी शिकलेली, बोलायला गोड आणि सल्ला देण्यात फार उदार. आम्ही पोहोचलो त्या संध्याकाळपर्यंत सगळ्या मजल्याला आईच्या डोळ्याची हकीकत ठाऊक झाली होती. कुणी गुलाबपाणी सांगितलं, कुणी मध सांगितला, आणि एका निवृत्त मास्तरांनी शीर्षासन सांगितलं.

वहिनी आईसाठी रोज भात, आमटी, खोबऱ्याची चटणी असं सुरेख करायची. आई निमूट जेवायची आणि रात्री मला हळूच म्हणायची, "जेवली, पण जेवल्यावानी नाही वाटत." वहिनीला ते समजलं कसं कोण जाणे. तिने कल्याणच्या बाजारातून ज्वारी आणवली आणि आयुष्यात पहिल्यांदा ज्वारीची भाकरी थापायला बसली. पहिली फाटली, दुसरीही फाटली. मग आई उठली, चाचपत पाटाशी बसली आणि तिने डोळे मिटून भाकऱ्या थापल्या. वहिनी पाहतच राहिली. त्या दिवसापासून सासू-सुनेचं जमलं. आधी जमत नव्हतं असं नाही, पण आधी दोघी एकमेकींना जपत होत्या.

आईला खोकला होता. दादाच्या ओळखीच्या डॉक्टरांचा दवाखाना एका खोलीचा, बाहेर बाक, आत पडदा, पडद्याआड कंपाउंडर बाटल्यांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवत बसलेला. डॉक्टरांनी छाती तपासली आणि सांगितलं, "हा खोकला बंद होईपर्यंत ठाण्याला जायचं नाही. ऑपरेशननंतर एक जोराची ढास लागली तर डोळा हातचा जाईल." आमच्या अकोल्यात डॉक्टर असं समजावून सांगत नाहीत, बाटली देतात आणि पुढच्याला बोलावतात. इथे त्यांनी आईलाच विचारलं, "समजलं ना आजी?" आई म्हणाली, "समजलं." ते लाल औषध तिने एकदाही न चुकता घेतलं.

ठाणे

ठाण्याला तलाव आहे आणि तलावाभोवती संध्याकाळी माणसं नुसती बसायला येतात. टेंभी नाक्याहून टांगा वळला की थोड्याच अंतरावर आमचं इस्पितळ होतं. कुणा व्यापाऱ्याच्या दानातून चालणारं, कौलारू, पुढे चिंच आणि मागे लांबलचक पडवी. त्या पडवीत नातेवाइकांनी स्वयंपाक करायचा. प्रत्येकीची शेगडी वेगळी, पण भाजीचा वास सगळ्यांचा एक. मी रात्री आईच्या खाटेशेजारी सतरंजीवर निजायची.

पलीकडच्या खाटेवर ठमाबाय होती. खाडीपलीकडच्या गावातली, मिठागरात काम करत म्हातारी झालेली. आता घरच्यांची जमीन होती, मिठागरात वाटा होता, पण ती अजूनही मिठावर जायची. किंवा डोळ्यांनी जमेनासं होईपर्यंत जात होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते, पण या खेपेला एकाच डोळ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं. अंगाने किडकिडीत आणि आवाज असा की वॉर्डच्या त्या टोकाला ऐकू यावा.

"कंच्या गावच्या गो तुमी?" तिने विचारलं.

"अकोल्याच्या," आई म्हणाली.

"लांब हाय?"

"लय लांब. तुहा कोणता डोया?"

ठमाबाय थबकली. "डोया? डोया काय?"

"डोया व! दिसते ज्याच्यानं तो."

"आगो, डोला!" ठमाबाय इतकी हसली की खाट करकरली. "डोला म्हन ना. दोनी डोले गेलं माजं."

मी शाळेत मराठी शिकवते. डोळ्यातला ळ मुलांकडून घोटून घेते. त्या वॉर्डात माझ्या एका बाजूला य होता, दुसऱ्या बाजूला ल होता, आणि माझा ळ कुणाला लागतच नव्हता. पहिल्या दिवशी मी दुभाष्याचं काम केलं. दुसऱ्या दिवसापासून दोघींनी मला त्या कामावरून काढून टाकलं.

ऑपरेशनची सकाळ उजाडली. कुणालाच पोटात काही द्यायचं नव्हतं. यादीत आईचं नाव आधी होतं. वॉर्डची सिस्टर वसईची होती, उंच, करड्या आवाजाची. ती आईचा हात धरून चालू लागली. ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी स्पिरिटचा वास आला आणि आत भांड्यात हत्यारं ठेवल्याचा खणखणाट झाला. आई तिथल्या तिथे उभी राहिली.

"मी नाही येत."

सिस्टरने समजावलं. डॉक्टर बाहेर आले, तोंडावरचा कपडा काढून म्हणाले, "आजी, औषधाने डोळा बधिर करतो. दुखणार नाही."

"तोही असाच म्हणे," आई म्हणाली. "सुईवालाही असाच म्हणे. सुशे, मले घरी ने."

मला तिची भीती लहानपणापासून माहीत होती. त्या सुईच्या दिवशी मी अंगणात होते आणि तिचं ओरडणं मी ऐकलं होतं. दादा कामावर होता. डॉक्टर घड्याळाकडे पाहत नव्हते, हे त्यांचे उपकार.

तेवढ्यात मागून ठमाबायचा आवाज आला. ती आपल्या सुनेच्या खांद्यावर हात ठेवून तिथवर आली होती.

"सिस्टर, मना घ्या आत. ही मागनं येल." मग आईकडे वळून म्हणाली, "तू हिथंच बस. मना वरडताना आयकलंस तं उठून घरा जा. नाय आयकलंस तं गुमान आत ये."

डॉक्टरांनी मान हलवली. दार लागलं. आई बाकावर बसली, मान पुढे काढून, कान दाराकडे लावून. आतून भांड्याचा आवाज येई, डॉक्टरांचं हळू बोलणं येई. ठमाबायचा आवाज आला नाही. एवढ्या मोठ्या आवाजाची बाई, पण हूं की चूं नाही. दार उघडलं आणि तिला स्ट्रेचरवरून बाहेर आणलं तेव्हा दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती आणि सिस्टरने बोलायची मनाई केलेली होती. आईने हात पुढे केला. ठमाबायचा हात चाचपून दाबला आणि सोडला. मग पदर खोचून म्हणाली, "कुठी हाय व दार?"

तिचंही ऑपरेशन ओरडण्यावाचून झालं.

त्यानंतरचे दिवस कठीण. उताणं निजायचं, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, दोन्ही डोळे बांधलेले. कूस बदलायची नाही, शिंकायचं नाही, चावायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही. पेज आणि दूध मी चमच्याने भरवायची. दोन खाटांच्या मधे मी, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला ठमाबाय, कारण तिची सून घर सांभाळायला परत गेली होती.

थोडं बोलायची परवानगी मिळाली तशी दोघींनी आपापलं आयुष्य छताला सांगायला सुरुवात केली. आईने कपाशीचं वावर सांगितलं, ठमाबायने मिठाचं आगर. आई पांढऱ्या बोंडांचं सांगायची, ती पांढऱ्या राशींचं. "आमचा मीठ पायाला चावतंय," ती म्हणायची. "आमची कपाशी हाताले चावते," आई म्हणायची. एकदा ठमाबायने नवऱ्याची, जोमादादाची, गोष्ट सांगितली. लग्नात घोड्याऐवजी त्याला मीठ वाहायच्या गाढवावर बसवलं आणि ते गाढव सवयीने थेट मिठागरात गेलं. आईचं पोट हलायला लागलं. सिस्टर धावत आली.

"हसायचं नाही! टाके तुटतील!"

"मी नाही हासत," आई दात दाबून म्हणाली. "पोट हासून राह्यलं."

सिस्टर वळून दाराबाहेर गेली. तीही बाहेर जाऊन हसत होती, हे मला खिडकीतून दिसलं. या दोघींना ते सांगण्यात अर्थ नव्हता, पुन्हा हसल्या असत्या.

जोमादादा एक दिवसाआड होडीने खाडी ओलांडून यायचा. आत यायला लाजायचा, खिडकीशी उभा राहून विचारायचा, "काय, हाईस?" ती म्हणायची, "हाय." एवढंच. मग तो माझ्या हातात शहाळी द्यायचा आणि जायचा. आमच्याकडे नवरे याहून जास्त बोलतात आणि याहून कमी येतात.

पट्टी सुटायच्या दिवशी डॉक्टर आधी आईकडे आले. खिडकीवर पडदा ओढला. पट्टी उलगडली, कापूस काढला, ओल्या बोळ्याने पापणी पुसली. जाड काचेचं भिंग डोळ्यासमोर धरलं आणि बोटं वर केली.

"किती?"

"दोन," आई म्हणाली. मग भिंगातून मान वळवून तिने माझ्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. "सुशे," ती म्हणाली, "तुहे केस पिकले व."

मी हसले की रडले ते मला सांगता येणार नाही.

डॉक्टर पलीकडच्या खाटेशी गेले. त्याच क्रमाने सगळं केलं. "किती?"

"तीन," ठमाबाय म्हणाली.

बोटं दोन होती. डॉक्टरांनी हात हलवला, पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "चार." मग जरा थांबून, "एक?" त्यांनी विजेरी लावली, बाजूला नेली, वर नेली. उजेड कुठून येतो तेवढं ती बरोबर सांगत होती, पण बोटं ती अंदाजाने सांगत होती.

डॉक्टर खाटेच्या कडेवर बसले. उभ्याने सांगून निघून गेले असते तरी कुणी काही म्हटलं नसतं. "ठमाबाई, मोतीबिंदू स्वच्छ निघाला आहे. पण त्याच्या मागे डोळ्याचा पडदा असतो, तो आधीच खराब झालेला आहे. मोतीबिंदू असेपर्यंत आतलं आम्हाला दिसत नाही. आता दिसलं."

"मिठान?" तिने विचारलं. "उनान चमकतंय, त्यान?"

"असेल. नक्की नाही सांगता येत."

"दुसरा डोला?"

"तोही उघडल्याशिवाय कळणार नाही. वर्षभराने पाहू."

"बरा," ती म्हणाली.

आई मात्र अस्वस्थ झाली. दुपारी तिने डॉक्टरांना परत बोलवायला लावलं आणि विचारलं, "ते माह्या अगोदर गेली म्हणून तं असं नाही झालं? माह्या जागी गेली ते."

डॉक्टर म्हणाले, "नाही हो आजी. आधी गेली काय, नंतर गेली काय. पडदा कित्येक वर्षांपूर्वीच गेलेला आहे."

आईने मान डोलावली. पण त्या संध्याकाळपासून ठमाबायची पेज ती स्वतः भरवू लागली. तिला धड दिसत नव्हतं, काही चमचे हनुवटीवर जात, आणि ठमाबाय म्हणे, "मी डोल्यान आंधली, तू हातान."

खाडीपलीकडे

डोंबिवलीला विश्रांती झाली, जाड चष्मा मिळाला, आणि निघायच्या आधी ठमाबायकडे जेवायला जायचं ठरलं. जोमादादा आम्हाला न्यायला होडी घेऊन आला. त्या चष्म्यातून आईला सगळंच मोठं आणि जवळ दिसायचं. पाणी पायाशी आलं असं वाटून ती होडीच्या फळीला घट्ट धरून बसली, पण डोळे मिटले नाहीत. बगळा उडाला की "बगया!" म्हणायची. मी काही सुधारलं नाही.

ठमाबाय काठावर उभी होती. तिने हात पुढे केला आणि मिठागराच्या अरुंद बांधावरून आईला नेऊ लागली. आई चष्म्यातून पाहून पाऊल टाकी आणि चुके, कारण बांध होता त्याहून वर दिसे. ठमाबाय पायाने बांध ओळखत सरळ चालत होती. दोन्ही बाजूंना पाण्याचे चौकोनी वाफे होते, पुढे मिठाच्या राशी, आणि माणसं लाकडी फळीने मीठ ओढत होती. उन्हात त्या पांढऱ्याकडे मला क्षणभरही बघवेना. या पांढऱ्याकडे ही बाई जन्मभर पाहत आली होती.

"कसा हाय आगर?" तिने विचारलं.

आईने कमरेवर हात ठेवून नीट पाहिलं. "कपाशी वेचून ढीग लावावे तसं हाय," ती म्हणाली. "चार बाया हायेत. एकीचं लुगडं हिरवं हाय. ते काम कमी करते, बोलते जास्त."

"ती मथी," ठमाबाय म्हणाली. "बराबर."

आईच्या गळ्यात तुळशीची माळ, म्हणून त्या घरात त्या दिवशी मासळी शिजली नव्हती. नवं मडकं आणून त्यात वाल शिजवले होते, सोबत तांदळाच्या पांढऱ्याशुभ्र भाकऱ्या. आमच्याकडे तांदळाची भाकरी म्हटलं तर लोक हसतील, पण मी त्या वालाबरोबर किती खाल्ल्या ते लिहीत नाही. वाढणारी सून सारखी म्हणत होती, "लाजू नुको गो बाय."

जेवण झाल्यावर ओटीवर बसलो, तेव्हा आईने मनातलं काढलं. "ठमा, त्या दिवशी तू माह्यासाठी आत गेली. म्या आजवर तुले काही म्हटलं नाही."

"तुज्यासाठी?" ठमाबाय म्हणाली. "आगो, पयली जाईल तिला पयली पेज, आसा सिस्टर बोललेली. पोटान काय नवता सकालपासना. मना भूक लागलेली!"

खरं होतं की नाही, कोण जाणे. सिस्टरने तसं म्हटलेलं मी तरी ऐकलं नव्हतं. आई तिच्या तोंडाकडे त्या मोठ्या भिंगांतून पाहत राहिली आणि मग म्हणाली, "दुसरा डोया करशील तवा मले सांग. मी येतो."

आम्ही परतलो. मला वाटलं, निरोपाच्या वेळी माणसं असं म्हणतातच. पण पुढच्या थंडीत दादाचं कार्ड आलं की जोमादादा डोंबिवलीपर्यंत निरोप घेऊन आला होता. माझ्या शाळेला सुट्टी नव्हती. मी म्हटलं, उन्हाळ्यात जाऊ. आई म्हणाली, "तवा काय उपेग?" आणि तिने एकटीने जायचं ठरवलं. अकोल्याच्या स्टेशनावर मी तिला बायकांच्या डब्यात बसवलं. कल्याणला उतर, दादा येईल, एवढं दहादा सांगितलं.

ठमाबायच्या दुसऱ्या डोळ्याचा पडदा पहिल्याइतका खराब नव्हता. सगळं काही दिसलं नाही, पण पुष्कळ दिसलं. बांध दिसला, चूल दिसली, चष्मा लावून जवळ घेतलं तर माणसाचा चेहरा दिसला. आई पट्टी सुटेपर्यंत तिच्या खाटेशी सतरंजीवर निजली होती.

आई परत आल्यावर मी तिला सगळं खोदून खोदून विचारलं. शेवटी विचारलं, "आणि तुला पाहिल्यावर ठमाबाय काय म्हणाली?"

आई पिशवीतून शहाळी काढत होती. जोमादादाने गाडीत दिलेली.

"काई नाही बोलली व," ती म्हणाली. "माह्याकडे नुसती पाहतच राह्यली."